वक्त्याचे नाव द्या

बाबा फोनवर "कशी आहेस", "जेवलीस का" असल्या नमनाला घडाभर तेल घालत नसत. ते थेट चुकीपासून सुरुवात करत.

"मुंगे, हे ऐक. 'वक्ता सापडत नाही. वक्ता चालू असल्याची खात्री करा.' आता बोल."

मुंगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वय चाळीस, चष्मा दोन नंबरचा. पण लहानपणी अक्षर मुंगीएवढं काढायची म्हणून नाव पडलं ते पडलंच. ती दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीपाशी डबा उघडून बसली होती.

"बाबा, वक्ता म्हणजे स्पीकर असणार."

"ते कळलं मला. सदतीस वर्षं लोकांच्या चुकांतून अर्थ काढतच पोट भरलं मी."

हे खरं होतं. बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जगात जे जे छापलं जातं ते चुकीचं असतं आणि त्यातलं थोडं वेळेवर सापडतं, असं त्यांचं जीवनविषयक मत होतं. निवृत्त झाल्यावर लाल पेन्सिल खिशातून टेबलावर आली, एवढाच फरक. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते दुरुस्त केल्याशिवाय पाळत नसत.

लेकीने दोन दिवसांपूर्वी घरी तीन बिनतारी स्पीकर पाठवले होते. फोनवर गाणी पुरवणारं ॲप घ्यायचं, ते स्पीकरना जोडायचं, की बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत घरभर गाणं. पाच मिनिटांचं काम. पण स्वतःच्या घरात परक्या भाषेतले हुकूम पाळायचे नाहीत या बाण्याने बाबांनी ॲपची भाषा मराठी निवडली होती, आणि पाच मिनिटांचे पावणेदोन तास झाले होते.

"पुढे म्हणतात, 'वक्त्याचे नाव द्या'. दिलं."

"काय दिलं?"

"वक्ता म्हटलं की सभा आली. स्वयंपाकघरातल्याचं नाव 'अध्यक्षबाई'. बाहेरच्या खोलीत 'प्रमुख पाहुणे'. झोपायच्या खोलीत 'आभारप्रदर्शन', कारण त्याची पाळी येईस्तोवर सगळे झोपलेले असतात."

मागून आईचा आवाज आला, "अध्यक्षबाई कुणाला म्हणताय?"

"यंत्राला गं! तू चिडलीस तर तुझी जबाबदारी." मग फोनमध्ये, "आता खरी गंमत. प्रमुख पाहुण्यांना जोडायला गेलो तर काय म्हणतंय बघ. 'जोडी जमत नाही. दोघांना जवळ आणून पुन्हा प्रयत्न करा.' मुंगे, हे गाण्याचं यंत्र आहे की वधूवर सूचक मंडळ?"

ती खळखळून हसली आणि हसता हसता थांबली. घास हातातच राहिला. वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, तिचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी एका मध्यस्थाने तिला सहाशे बारा ओळींची यादी धाडली होती. कंपनीचं नाव नाही, चित्र नाही, आगापिछा नाही. तीन दिवसांत मराठी करून द्या. मूळ शब्दाला दोन अर्थ होते, बोलणारा माणूस आणि बोलणारा डबा. यादीत 'सत्र' आलं, 'गट' आला, 'सहभागी' आले. तिला वाटलं परिसंवादाचं ॲप असणार. तिने माणूस निवडला आणि तीन दिवस जीव ओतून काम केलं. 'दोघांना जवळ आणून' सुचलं तेव्हा तर ती स्वतःवरच खूश झाली होती.

"कोण गाढव आहे गं हे? तुमच्याच धंद्यातलं कुणीतरी असणार."

इथे ती 'बाबा, मीच' म्हणू शकली असती. दोन शब्दांचं काम होतं. पण बाबा सगळीकडे सांगत, आमची मुलगी भाषांतरकार आहे. ऐकणाऱ्यांना वाटे जाडजूड ग्रंथ, आणि तिने तो गैरसमज कधी मोडला नव्हता. दर भेटीत बाबा विचारत, "तुझं छापलेलं काही वाचायला दे ना." दर भेटीत ती म्हणे, "देते." दिलं कधीच नाही. बटणांवरचे शब्द काय द्यायचे? शिवाय त्या लाल पेन्सिलीची तिला धास्ती होती. अकराव्या वर्षी शाळेच्या सहलीवरून तिने घरी पत्र लिहिलं होतं. ते उलट टपालाने दुरुस्त होऊन परत आलं. खाली लिहिलं होतं, 'दहापैकी सात. बाकी आम्ही मजेत.'

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "बाबा, मला आता बैठक आहे. संध्याकाळी करते फोन."

बैठक नव्हती. संध्याकाळी तिने फोनही केला नाही. म्हटलं, रविवारी निवांत बोलू, तोवर ते वक्ता विसरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला बाबा फिरायला जाण्यासाठी बूट घालायला बसले. उजवा घातला. डावा हातातच राहिला.

*

पुढचे दीड महिने ती दर शनिवारी घरी येत होती. या रविवारी आईने न्याहारी आटोपली, हात पुसले आणि जाहीर केलं, "अध्यक्षबाईंची वाचा गेलीय. ती आणून दे."

झालं होतं असं. त्या शेवटच्या संध्याकाळी बाबांनी तिन्ही स्पीकर एकदाचे जोडले होते, आणि आईने भांडी घासताना दीड तास गाणी ऐकली होती. तो दीड तास तिच्या मनातून जात नव्हता. मात्र जोडणी होती बाबांच्या फोनशी, आणि तो फोन आता बंद होऊन कपाटात होता. गाणी हवीत तर सगळं नव्याने आईच्या फोनवर करायला हवं होतं.

"मराठीतच कर हं," आई म्हणाली. "हे असते तर दुसरं करू दिलं नसतं."

लेकीने भाषा मराठी केली. दुसरं काय करणार? चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, पहिल्याच ओळीला आपला चेहरा उघडा पडेल.

पहारा द्यायला आत्याही होती. ही बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि भाऊ गेल्यापासून रोज सकाळी वहिनीला सोबत म्हणून येऊन संध्याकाळपर्यंत वहिनीशी वाद घालायची. दोघींनाही त्याने बरं वाटे.

"मोठ्याने वाच," आत्या म्हणाली. "आम्हालाही कळू दे काय चाललंय."

लेकीने वाचलं, "'जवळपासचे वक्ते शोधत आहे. कृपया धीर धरा.'"

"जवळपासचे कशाला शोधतंय? एक वक्ता इथे बसलाय की," आई आत्याकडे बघत म्हणाली.

"वहिनी, मी बोलते म्हणून या घरात आवाज आहे."

"तेच म्हणतेय मी, वन्सं."

पडद्यावर चार नावं उमटली. तीन बाबांनी दिलेली आणि चौथं नुसतंच 'वक्ता ४'. लेकीने 'प्रमुख पाहुणे' दाबायला बोट नेलं, तेवढ्यात आत्याने "बघू बघू" करत फोन ओढला. बोट चौथ्यावर पडलं. 'जोडी जमली!' असं उद्गारचिन्हासकट आलं. आत्याने उत्साहाच्या भरात समोर दिसलं ते गाणंही लावलं.

खोलीत शांतता. तिघी कान टवकारून बसल्या. मग छताच्या वरून ढोलकीचा दणदणाट ऐकू आला, पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज, आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची आरोळी, "अगं, न्हाणीघरात कोण आहे?"

"बंद कर, बंद कर!" आई ओरडली.

"कुठून बंद करू? इथे लिहिलंय, 'वक्त्याला गप्प करा'. दाबू का?" आत्या म्हणाली.

"दाबा! आयुष्यात एकदा तरी तुमच्या हातून वक्ता गप्प होऊ दे!"

वरचा दणदणाट थांबला. आईने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. लेक दचकली, पण आई हसत होती. दीड महिन्यात पहिल्यांदा.

"काय पण माणूस असेल," डोळे पुसत ती म्हणाली. "हे सगळं लिहिणारा. 'वक्त्याला गप्प करा' म्हणे! ह्यांनी त्या दिवशी जेवताना तीनदा नक्कल केली त्याची."

"दादाच्या हाती सापडला असता ना तो गाढव," आत्या म्हणाली, "उभा सोलला असता."

"काही कारण असेल त्यालाही," लेक म्हणाली.

"तू कशाला त्याची वकिली करतेस?"

तिने आत्याच्या हातून फोन परत घेतला. अळीमिळी गुपचिळी. मग 'प्रमुख पाहुणे' घेतले. ॲप म्हणालं, 'वक्त्याच्या पाठीवरील कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा.' आत्याने स्पीकर उलटा केला, सुलटा केला, "याला पाठ कुठली? चारी बाजूंनी पोटच आहे," म्हणाली. शेवटी कळ खालच्या बाजूला निघाली. त्या ओळीत 'पाठ' कुठून आली हे लेकीला ठाऊक होतं. तिने माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. माणसाला पाठ असते.

कळ दाबली. दिवा लुकलुकला. फोनवर नवी ओळ आली.

"'हा वक्ता आधीच दुसऱ्याशी जोडलेला आहे,'" तिने वाचलं.

"शी!" आत्या म्हणाली. "भल्या माणसांच्या घरात काय हे."

"पुढे काय म्हणतंय?" आईने विचारलं.

पुढची ओळ लेकीने मनातच वाचली आणि फोन पालथा घातला. "काही नाही. तू जरा पाणी आण, तोवर मी करते."

"मला पाणी आणायला पिटाळू नकोस. आण इकडे." आईने फोन घेतला, हात लांब केला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. "'आधीची जोडी विसरल्याशिवाय नवी जोडी जमणार नाही. आधीची जोडी विसरायची आहे का?'" खाली दोन बटणं होती, 'हो, विसरा' आणि 'नाही'.

वर डॉक्टर काहीतरी सरकवत होते.

"मी हे दाबणार नाही," आई म्हणाली.

"आई, यंत्राची भाषा आहे ती. त्याचा अर्थ..."

"अर्थ कळतो मला. राहू दे. मला गाणी नकोत."

लेकीला वाटलं, आता सांगावं. हे मी लिहिलंय. तुझा विचार करून नव्हे, कुणाचाच विचार न करता, दुपारी चहा पिता पिता लिहिलंय. तिने तोंड उघडलं. पण आई उठली होती. काहीतरी आठवल्यासारखी ती टेबलाच्या खणाशी गेली आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आली.

"ह्यांनी या वाक्यावर काहीतरी लिहून ठेवलंय. त्या रात्री जेवणानंतर बसले होते लिहीत. कंपनीला पाठवायचं म्हणत होते. आधी मला सुचलं नाही बघ. तूच पाठव आता, तुझ्या धंद्यातलीच माणसं ती. त्या माणसाच्या हातात पडलं पाहिजे. तेवढं एक काम राहिलंय ह्यांचं."

कागदावर लाल अक्षरांत मथळा होता, 'शुद्धिपत्र'. खाली रेघ. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. आणि अगदी वर, 'भाषांतरकार यांस'.

म्हणजे तिला.

"वाच," आई म्हणाली.

छापखान्यात प्रूफ तपासायचं तर एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही बोलून दाखवायची, नाहीतर ती निसटतात. शाळेच्या सुट्ट्यांत हे वाचायचं काम तिचं असे. त्या अक्षरावर नजर पडताच आवाज आपोआप त्या चालीवर गेला.

"महाशय स्वल्पविराम आपले भाषांतर आज वाचले पूर्णविराम. पहिले अशुद्ध अवतरण वक्ता अवतरण पूर्ण..."

"ते अवतरण-बिवतरण ठेव बाजूला," आत्या म्हणाली. "दुपार होईल."

"वाचू दे तिला," आई म्हणाली. "ह्यांना असंच लागायचं."

"शुद्ध स्पीकर पूर्णविराम. सगळे स्पीकरच म्हणतात स्वल्पविराम आपण वेगळे म्हणून काय मिळवले प्रश्नचिन्ह. दुसरे अशुद्ध जोडी जमत नाही पूर्णविराम. शुद्ध जोडले जात नाही पूर्णविराम. कंस आमची जमून एकेचाळीस वर्षे झाली कंस पूर्ण."

"हे कंपनीला लिहायची काय गरज होती!" आई म्हणाली, पण कान लाल झाले.

"तिसरे अशुद्ध कृपया धीर धरा पूर्णविराम. शुद्ध थोडे थांबा पूर्णविराम. धीर धरावा असे काही घडलेले नाही पूर्णविराम."

तिने बोट खाली सरकवून पुढची ओळ धरली.

"चौथे अशुद्ध आधीची जोडी विसरा पूर्णविराम. शुद्ध आधीची जोडणी काढा पूर्णविराम. जोडणी काढता येते अर्धविराम विसरणे कुणाच्या सांगण्याने होत नाही पूर्णविराम."

आईने हात पुढे केला, कागदावरची ती ओळ बोटाने चाचपली, मग फोन उचलला आणि पडद्यावरचं वाक्य पुन्हा बघितलं.

"जोडणी काढायचीय होय," ती म्हणाली. "एवढंच म्हणायचं होतं तर. मेल्याला नीट सांगता येत नाही." आणि तिने स्वतःच 'हो, विसरा' दाबलं.

त्यानंतर कामाला रंग चढला. लेक पडद्यावरचं वाचायची, आत्या कागदावर शोधून 'शुद्ध' सांगायची, आई ते ऐकूनच बटण दाबायची. अशुद्ध हुकूम एकही पाळला गेला नाही. प्रमुख पाहुणे जोडले गेले, आभारप्रदर्शन जोडलं गेलं. दर वेळी ॲपने नाव विचारलं आणि आईने तेच नाव पुन्हा घालायला लावलं. स्वयंपाकघरातल्या स्पीकरची पाळी आली तेव्हा आत्या म्हणाली, "वहिनी, आता तरी याचं नाव बदला."

"का म्हणून? निवडून आलेय मी."

तिन्ही दिवे स्थिर झाले. ॲपवर आलं, 'आता सर्व वक्ते एकाच वेळी बोलू लागतील.' आईने पहिलं दिसलं ते गाणं लावलं आणि तीन खोल्यांतून एकच आवाज उठला. आत्या जाऊन प्रत्येक खोलीत उभी राहून आली, आत कुणी लपलेलं तर नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखी.

"हे शेवटचं वाक्य कागदावर आहे का गं?" आईने विचारलं. "सर्व वक्ते?"

होतं. अठ्ठाविसावं. लेकीने वाचलं, "'अशुद्ध सर्व वक्ते एकाच वेळी बोलू लागतील पूर्णविराम. शुद्ध सगळीकडे एकच गाणे लागेल पूर्णविराम.' आणि समासात लिहिलंय, 'चूक आहे स्वल्पविराम पण हसलो पूर्णविराम. ठीक पूर्णविराम.'"

"ठीक?" आत्याच्या भुवया वर गेल्या. "दादाने 'ठीक' लिहिलं? माझ्या लग्नाच्या पत्रिकेलाही नव्हतं लिहिलं त्याने."

"मी आयुष्यभर रांधतेय," आई म्हणाली, "दोनदा मिळालंय. कोण आहे कोण हा माणूस? ते काही नाही. तू त्याचा पत्ता काढायचास. मला शब्द दे."

"देते."

"'देते' नको. ह्यांनाही 'देते देते' म्हणायचीस. शब्द दे."

लेकीने मान खाली घातली. गाणं चालू होतं. "अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली.

"मग वाच."

कागद संपत आला होता, म्हणून शेवटच्या ओळी समासात वर चढत गेल्या होत्या. तिने कागद वळवला.

"एकूण चुका एकतीस पूर्णविराम. आपण नवे असाल स्वल्पविराम किंवा वस्तू न दाखवताच आपल्याला काम दिले असेल पूर्णविराम. तसे असल्यास देणारा गाढव आहे स्वल्पविराम आपण नाही पूर्णविराम. वाक्ये मात्र कानाला बरी लागतात पूर्णविराम. मोठ्याने वाचून पाहता असे दिसते स्वल्पविराम ती सवय सोडू नये पूर्णविराम. आपले आणखी काही छापलेले असल्यास वाचायला द्यावे पूर्णविराम. बाबा स्वल्पविराम हे सगळं मी लिहिलंय पूर्णविराम."

"काय?" आत्या पुढे वाकली. "हे पण दादानेच लिहिलंय? बघू कागद."

आईने तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

लेकीने कागद मांडीवर ठेवला. आता वाचायला काही उरलं नव्हतं आणि विरामचिन्हंही सापडत नव्हती.

"बाबा, ते माझं आहे. तुम्ही मागत होतात ना वाचायला, तेच वाचत होतात. त्या दिवशी फोनवर तुम्ही वाचलंत आणि मी म्हटलं, असेल कुणीतरी. कुणीतरी नव्हतं. मीच होते."